झेरॉक्समध्ये गेलेला 'अ'

आटपाडी तालुक्यात पाऊस बेताचाच पडतो, पण कानावर पडलेलं इथं सहसा वाया जात नाही. एसटीत, न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या मांडवात किंवा मार्केट यार्डातल्या सौद्यात माणदेशी माणूस जे ऐकतो, ते त्याच्या डोक्यात कायमचं मुक्कामाला राहतं. कुणाच्या सोयरिकीत कोण काय बोललं हे तर तो सांगतोच, पण बोलताना त्याच्या हातात कप होता की बशी, हेही पुढच्या पिढीला सांगून ठेवतो. या कानांच्या जोरावरच या एका तालुक्याने साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले, असं माझं मत आहे. शेटफळ्यात जन्मलेले ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळला, त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला आणि आटपाडीचे शंकरराव खरात १९८४ साली जळगावला. म्हणजे अध्यक्षपद लागोपाठ दोन वर्षं या दुष्काळी मुलखात राहिलं. पाऊससुद्धा इथं इतका टिकत नाही.

आमच्या कॉलेजातल्या पोरांनी मात्र यातून भलताच बोध घेतला आहे. या दोघा माडगूळकर बंधूंपैकी कुणीही कॉलेजच्या तासाला कधी बसलं नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. तास बुडवताना पकडलं, की एकजण हमखास 'सर, गदिमा तरी कुठं…' अशी सुरुवात करतो. मग मी शंकररावांचं उदाहरण काढतो. गावकामगार तराळाचा हा मुलगा पुण्याला जाऊन शिकला, वकील झाला, पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पण हे उदाहरण रंगात येईपर्यंत दिघंचीची गाडी लागलेली असते, आणि कुलगुरू होण्यापेक्षा खिडकीची जागा मिळणं जास्त निकडीचं असतं.

माझं काम या भागातल्या पोरांना अर्थशास्त्र शिकवण्याचं. वर पत्रा, खाली पोरं आणि मधे आवाज करणारा पंखा अशा दुपारच्या तासाला फळ्यापाशी उभं राहून मी जे पाहतो, ते सांगतो. मुलं ऐकत नाहीत, ही आम्हा प्राध्यापकांची ओरड साफ खोटी आहे. एसटी स्टँड वर्गापासून काही जवळ नाही, तरी गाडी फलाटाला लागली की मागच्या बाकावर हालचाल होते. 'सर, झऱ्याची लागली.' गिअर टाकल्याच्या आवाजावरून आज ड्रायव्हर कोण आहे ते सांगणारी पोरं माझ्या वर्गात आहेत. 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत' हे शब्द तासात दहा-बारा वेळा ऐकून शेवटी 'सर, सीमा कोण?' असं विचारणारीही तीच.

यातली बरीच मुलं सकाळी वडिलांबरोबर डाळिंबाच्या सौद्याला जाऊन येतात. तिथं बोली इतक्या वेगाने चढते, की माझ्यासारख्या पगारी माणसाला नुसता गलका ऐकू येतो. पोरगं मात्र संध्याकाळी घरी बिनचूक सांगतं, की कुठल्या क्रेटला काय भाव निघाला, कोणता व्यापारी कुठं थांबला आणि कुणी उगाच खोटी बोली चढवली. यात्रेतल्या जनावरांच्या बाजाराचं तर विचारूच नका. खिल्लार खोंडाचा व्यवहार जुनी माणसं उपरण्याखाली हात घालून, नुसती बोटं दाबून करत आली. तोंडातून शब्द नाही, कागदावर ओळ नाही. बाजूला उभं राहिलेलं पोरगं दोघांच्या कपाळावरच्या आठ्या वाचून आकडा सांगतं. न बोललेलं ऐकणारी ही जात आणि माझा तीन वेळा मोठ्यांदा सांगितलेला मुद्दा तिला ऐकू येत नाही? बिघडतं कुठंतरी दुसरीकडंच.

माझ्या मते बिघडतं ते वही उघडल्यावर. वही उघडली की कान मिटतो. आपल्याकडे कॉलेजात नोट्स 'देतात' आणि 'घेतात', आणि घेणाऱ्याने दिलेल्या मालाची नासधूस न करता तो घरी न्यायचा, एवढीच त्याची जबाबदारी असते. माल काय आहे हे पोतं खोलून बघायचं नाही. त्यामुळे वर्गात जे जे उच्चारलं जातं, ते ते वहीत उतरतं. सार्वजनिक खर्चाची तत्त्वं पाठ्यपुस्तकात चार असतात: लाभ, काटकसर, मंजुरी आणि आधिक्य. एका वहीत मी पाचवं वाचलं. 'मागच्या दोघांनी बाहेर जावे.' सरकारी खर्चाच्या बाबतीत ते अगदीच गैरलागू आहे, असं मला म्हणवेना. पण ते माझं तत्त्व नव्हतं, त्या दिवशीचा माझा संताप होता. लिहिणाऱ्याने तो शुद्ध पुस्तकी मराठीत, 'जावे' असा, खाली रेघ मारून उतरवला होता.

दोष एकट्या पोरांचा नाही. आमच्या व्यवसायात अशी मंडळी आहेत, की त्यांनी नोकरी लागली त्या वर्षी काढलेल्या नोट्स निवृत्तीच्या दिवसापर्यंत सांगितल्या. कागद पिवळे पडले, कडा झिजल्या, घड्यांवर चिकटपट्टी आली. नियोजन आयोग जाऊन २०१५ साली नीती आयोग आला तरी काही वर्गांत बारावी पंचवार्षिक योजना अजून सुरूच आहे. सर 'स्वल्पविराम' म्हणतात, 'पुढे' म्हणतात, 'कंस सुरू' म्हणतात. कंस पूर्ण व्हायच्या आधी तास संपला, तर पोरं दुसऱ्या दिवसापर्यंत कंसात अडकून राहतात.

या सगळ्या उद्योगाचं मुख्यालय म्हणजे कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान. प्रत्येक वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी असते. तिचं अक्षर छापल्यासारखं, मथळे लाल, व्याख्या निळ्या, उदाहरणं हिरवी. सत्रभर तिच्याशी कुणी फारसं बोलत नाही. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की ती सगळ्यांची ताई होते. तिची वही एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तिथून दुकानात जाते आणि तिथून गावोगाव पसरते. मूळ वहीची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, मग तिचीही झेरॉक्स.

आता इथं एक तांत्रिक बाब लक्षात घ्या. जाडजूड वही काचेवर नीट पालथी बसत नाही. शिवणीकडची बाजू उचललेली राहते आणि उजव्या पानाची डावी कड काळी तरी येते किंवा कापली तरी जाते. म्हणजे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर दर पिढीला धोक्यात. इतर कुठल्या विषयात हे खपून जाईल. अर्थशास्त्रात मराठी परिभाषेने नेमकी पहिल्या अक्षरावर सगळी मदार ठेवली आहे. एका वर्षी उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या आणि पाहतो तो काय! 'अपूर्ण स्पर्धा' या प्रश्नाला रांगेने सगळ्यांनी 'पूर्ण स्पर्धेची' वैशिष्ट्यं लिहिलेली. 'अलवचिक मागणी' हवी तिथं 'लवचिक मागणी'. प्रादेशिक असमतोलाची कारणं विचारली, तर समतोलाची कारणं आलेली. आणि कळस म्हणजे 'अविकसित अर्थव्यवस्था' पानाच्या डाव्या कडेला सापडल्यामुळे विकसित होऊन बसली होती. पंचवार्षिक योजनांना जे पन्नास-साठ वर्षांत जमलं नाही, ते दुकानदाराच्या यंत्राने दोन रुपयांत करून दाखवलं. गंमत म्हणजे लिहिणाऱ्यांपैकी कुणालाच काही खटकलं नव्हतं. विकसित देशात दारिद्र्य, बेकारी आणि कमी दरडोई उत्पन्न असतं, असं सगळ्यांनी मुद्देसूद लिहिलं होतं.

त्यातली एक उत्तरपत्रिका मात्र माझ्या फार जिव्हारी लागली. लिहिणारा मुलगा शेवटच्या बाकावरचा. त्याच्याकडे वहीच नसायची. एक घडी घातलेला कागद मागच्या खिशात, तोही बहुधा खतांच्या बिलाचा. मागणीची लवचिकता शिकवताना मी विचारलं होतं, की किंमत वाढूनही मागणी कमी होत नाही, असं कधी होतं का? वह्या उघडून बसलेला सगळा वर्ग पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. हा उठला आणि म्हणाला, "हुतं की. मीठ म्हाग झालं म्हनून आळनी कोन खातंय व्हय?"

मी खडू खाली ठेवला. याहून चांगली व्याख्या इंग्रजी पुस्तकांतही सापडायची नाही. वर्ग हसला, कुणीही ते वाक्य उतरवून घेतलं नाही, कारण ते बोलीत होतं आणि सरांनी 'लिहून घ्या' म्हटलं नव्हतं. परीक्षेच्या आठवड्यात या मुलाने सर्वांसारखी झेरॉक्स आणली आणि पेपरात लिहिलं, 'मीठ हे लवचिक मागणीचे उत्तम उदाहरण आहे.' स्वतःला पक्कं कळलेलं त्याने खोटं ठरवलं आणि 'अ' गमावलेल्या कागदावर विश्वास ठेवला. कागदावरचं खरं आणि कानावरचं कच्चं, हे आपण पोरांना पहिलीपासून शिकवतो, त्याचं हे फळ.

खरं म्हणजे नोट्स कशा घ्याव्यात, याचा निकाल फार पूर्वी लागलेला आहे. महाभारत सांगायला व्यास आणि उतरवून घ्यायला गणपती, ही कथा आपण आजीकडून ऐकलेली. गणपतीने अट घातली, की माझी लेखणी थांबता कामा नये. म्हणजे आजच्या भाषेत, सर, डिक्टेशन स्पीडमध्ये द्या. व्यास जुने प्राध्यापक, त्यांनी उलटी अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मग मधूनमधून ते एखादा अवघड श्लोक टाकत, गणपती विचार करत बसे, तेवढ्यात यांचे पुढचे श्लोक तयार. विद्यार्थ्याला मधेच थांबवून डोकं चालवायला लावण्याची याहून चांगली युक्ती अजून निघालेली नाही. जाता जाता, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेत नाही. नंतरची भर म्हणून ती परिशिष्टात गेली. पुण्यात साक्षात गणपतीची हजेरी मांडली गेली नाही, तर आमच्या पोरांच्या प्रॉक्सीचं काय!

मराठीतला सर्वांत जुना मोठा गद्यग्रंथसुद्धा एका अर्थाने नोट्सच. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी बोलत राहिले, चालत राहिले. त्यांच्या माघारी म्हाइंभटाने त्यांचा सहवास लाभलेल्यांकडे जाऊन जाऊन 'स्वामी काय बोलले, कुठं बोलले, कुणाला बोलले' ते विचारलं आणि लीळाचरित्र सिद्ध झालं. पुढे धामधुमीत पोथी हरवली, तेव्हा अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. विचार करा, आमच्या वर्गाची वही हरवली तर आठवणीतून काय उभं राहील? फार तर पाचवं तत्त्व. स्वामींच्या या महानुभाव अनुयायांनी नंतर आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले, ते बाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून. ही परंपरा तेवढी आमच्या मागच्या बाकाने निष्ठेने चालवली आहे. फरक इतकाच, की आमच्याकडे ती लिपी लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही.

झेरॉक्सवाल्यांना बदनाम करण्याआधी परदेशातलंही एक उदाहरण सांगितलं पाहिजे. जिनिव्हात फर्दिनां द सोस्यूर नावाचे प्राध्यापक भाषाविज्ञान शिकवत. १९१३ साली ते वारले. स्वतःची टिपणं त्यांनी फारशी मागे ठेवली नव्हती. तेव्हा त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि १९१६ साली त्यावरून पुस्तक सिद्ध केलं. विसाव्या शतकातलं भाषाविज्ञान ज्या पुस्तकावर उभं राहिलं, ते हे. गमतीचा भाग असा, की ते संपादक स्वतः त्या तासांना बसलेलेच नव्हते. म्हणजे दुसऱ्याच्या वहीवर काम भागवणं वाईट नाही, फक्त ती वही ऐकणाऱ्याची असावी लागते.

शास्त्रज्ञांनीही यावर डोकं खपवलं आहे. एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच निसटतं. यासाठी त्याने मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली होती. काही तासांना बसलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही. अलीकडे, २०१४ साली, अमेरिकेत लॅपटॉपवर टिपणं घेणारे आणि हाताने लिहिणारे यांची तुलना झाली. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त उतरवले, पण समजुतीच्या प्रश्नांत ते मागे पडले. नंतर इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही, म्हणून मी त्याचा डंका पिटत नाही. हात चालतो म्हणजे डोकं चालतं असं नाही, एवढं समजायला मला प्रयोगशाळा लागली नव्हती, पाचवं तत्त्व पुरलं.

अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाच्या गृहस्थांनी १९५०च्या दशकात टिपणांची एक रीत बसवली. पानाच्या डाव्या बाजूला अरुंद पट्टी, उजवीकडे मोठी जागा आणि तळाला थोडी. तासाला उजवीकडे मोजकं लिहायचं. नंतर डावीकडे त्यावरचे प्रश्न किंवा खुणेचे शब्द. तळाला सगळ्याचा सारांश आपल्या भाषेत. मग उजवी बाजू झाकून डावीकडचे प्रश्न स्वतःला विचारायचे. हे वाचून मला आपल्या वह्यांची कीव आली. आपल्या प्रत्येक वहीला डावीकडे लाल समास आयताच आखलेला असतो. त्यात आपली मुलं प्रश्न क्रमांक लिहितात, गुलाबाची फुलं काढतात किंवा बदामात बाण मारतात. बाकी राहिलेलं झेरॉक्सवाला कापतो.

या भागातल्या मुलाला मी ही रीत वेगळ्या तऱ्हेने सांगतो. आटपाडी, विटा, खानापूर या पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. भारतातल्या कुठल्याही मोठ्या गावच्या सराफ कट्ट्यावर जा, सोनं-चांदी गाळणारा मराठी बोलेल आणि गाव विचारलं तर इथलंच निघेल. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा हे लोक सोडत नाहीत. भट्टी लावतात, मूस तापवतात, हिणकस जाळतात आणि चिमूटभर सोनं काढून दाखवतात. त्यांच्यापैकी कुणी केराचं पोतं तसंच डोक्यावर घेऊन गावी आलं आहे का? मग तू तासाचं पोतं तसंच वहीत भरून कशाला नेतोस, असं मी विचारतो. पोराला हे पटतं. त्याचा मामा कोइमतूरला असतो.

हजेरीबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण तिच्याशिवाय कॉलेजचा विषय पुरा होत नाही. नियम पंचाहत्तर टक्क्यांचा. त्यासाठी आम्ही भिंती बांधल्या, गेट लावलं, कॅमेरे लावले, तरी पोरं निसटतात. आणि याच आटपाडी परिसरात औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत काढली. भिंत नाही, कुंपण नाही. खुनाचे आरोप सिद्ध झालेले लोक तिथं उघड्यावर शेती करून राहिले. त्यावरूनच गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. गेट काढून टाका आणि प्रत्येकाला कसायला थोडी जमीन द्या, असा प्रस्ताव मी स्टाफरूममध्ये मांडला होता. सहकाऱ्यांनी हसण्यावारी नेला. माझा तो विनोद नव्हता. कैद्यांना तिथं करण्यासारखं काहीतरी होतं. आमच्या वर्गात करण्यासारखं फक्त पेन हलवणं असतं.

आता तर पेनही हलेनासं झालंय. फळा भरला की चाळीस मोबाइल वर जातात. फोटोत अर्ध्या आलेखावर माझं डोकं असतं. मागणी वक्र माझ्या एका कानातून आत जातो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. तो फोटो पुढे खोंडाच्या आणि वाढदिवसाच्या बॅनरच्या फोटोंत गडप होतो. बोललेलं आपोआप लिहून काढणारी ॲपंही आली आहेत. त्यांना 'सीमांत' नीट ऐकू येतं, हे मी मान्य करतो.

सहकाऱ्यांना माझी एक सूचना आहे. तासातली पहिली चाळीस मिनिटं वह्या बंद ठेवून बोला, शेवटची दहा मिनिटं गप्प बसा आणि मुलांना आठवेल ते, त्यांच्या शब्दांत लिहू द्या. व्याख्या पुस्तकात आहेत, त्या पळून जात नाहीत. काही मुलं सुरुवातीला कासावीस होतात, एकजण तर 'सर, आज शिकवणार न्हाई का?' असं विचारून गेला. होईल सवय.

आणि पालकांना विनंती. संध्याकाळी पोरगं घरी आलं की 'आज काय लिहिलंस' असं विचारू नका. वही तुम्हालाही वाचता येणार नाही आणि त्यालाही. चहा देता देता 'काय सांगितलं रे सरांनी?' एवढंच विचारा. उत्तर आपल्या बोलीत आलं, तर तो ऐकत होता. उत्तर पुस्तकी मराठीत आणि स्वल्पविरामासकट आलं, तर झेरॉक्सचे किती झाले तेवढं विचारून घ्या.